भिंत पंचनाम्यानंतर पडते

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

पूर आला की पेपरात घरांचे आकडे येतात, इतकी पूर्ण पडली, इतकी अंशतः, त्या 'अंशतः' बद्दल जरा लिहायचंय. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावला तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला तेव्हा आमच्या काकूंच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला माणूस आला, भिंती उभ्या दिसल्या, मोबाईलवर फोटो काढला आणि अंशतः लिहून गेला. मातीची भिंत पुरात पडत नाही हो, ती पाणी पिऊन बसते, मग चार दिवसांनी कडक ऊन पडलं की खालून पोपडे सुटतात आणि वरच्या खारीच्या (छतावर टाकतो ती माती) वजनाने धाबं भिंतीसकट खाली येतं. काकूंची मागची भिंत सहाव्या दिवशी गेली, त्या ओट्यावर झोपलेल्या होत्या म्हणून वाचल्या. ऑफिसात गेल्या तर पंचनामे बंद. "भीत आते पडनी भाऊ, मी का करू?" (भिंत आता पडली, मी काय करू) असं काकू म्हणाल्या, यावर कोण काय बोलणार!

अंशतः आणि पूर्ण यात किती फरक, तर २०२२-२६ च्या सरकारी मदतीच्या निकषांत सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार आणि अंशतः पडलेल्या कच्च्या घराला ४ हजार. ४ हजारात आज गवंडी किती दिवस येतो ते विचारा कुणालाही.

शहरात वेगळंच, नदीकाठी भाड्याने राहणाऱ्याची भांडीकुंडी वाहून जातात आणि घराची मदत मालकाला, मालक रंग मारून भाडं वाढवतो.

भूजला २००१ च्या भूकंपानंतर बऱ्याच ठिकाणी पैसे घरमालकाच्या खात्यात हप्त्याने दिले, पाया झाला, इंजिनिअरने बघितलं, की पुढचा हप्ता, लोकांनी आपली घरं आपणच बांधली. १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचं मातीचं जाड छत यांनीच माणसं दाबली, आपली धाबीही तशीच जड, दरवर्षी पावसाळ्याआधी आपण त्यावर आणखी खारी टाकतो (मी पण टाकतो, गळतं ना). म्हणून नुसतं परत तसंच बांधायला पैसे नकोत, कोपऱ्याला भिंती एकमेकींना बांधून ठेवणारा पट्टा, हलकं छत असं सांगणारं कोणीतरी गावात यायला हवं.

बाकी सगळं नंतर करा, पण पूर ओसरल्यावर पंधरा दिवसांनी दुसरा पंचनामा तेवढा करा. काकूंच्या मागच्या भिंतीच्या जागी अजून पत्रा आहे.

- एक वाचक, ता. चाळीसगाव