तोलेदोसाठी एक मुक्काम हवाच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्पेनच्या आठ दिवसांच्या सहलीचे जे वेळापत्रक सुचवले आहे, त्यात तोलेदो हे शहर ‘माद्रिदहून अर्ध्या दिवसात पाहून होणारे’ म्हणून नोंदवले आहे. शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत प्रवासाचा कार्यक्रम आणि मुक्कामाची आरक्षणे जोडावी लागतात, त्यामुळे कागदावर एकदा उतरलेला बेत पुढे सहसा कोणी बदलत नाही. आपले वाचक अर्ज भरण्याआधीच काही गोष्टी त्यांच्यापर्यंत पोहोचाव्यात, म्हणून हे पत्र.

असा अर्धा दिवस मी स्वतः भोगला आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता एका सहल कंपनीबरोबर स्पेनला गेलो होतो. तोलेदोत आम्हाला एकूण तीन तास मिळाले. त्यांतला जवळजवळ एक तास पोलादावर सोन्याची तार ठोकून नक्षीकाम करणाऱ्या कारखान्याच्या विक्रीदालनात गेला, कॅथेड्रल बाहेरून दाखवण्यात आले आणि सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, गल्लीत शिरण्यापूर्वीच बसकडे परतण्याची सूचना झाली. परतताना मला खरोखरच वाईट वाटले, कारण मी त्या शहरात काही वेगळे शोधायला गेलो होतो.

मी तेहतीस वर्षे शाळेत गणित शिकवले. त्रिकोणमितीतला ‘साइन’ हा शब्द आपल्याच ‘जीवा’ या संस्कृत शब्दाचे रूपांतर आहे, हे मी प्रत्येक वर्गाला आवर्जून सांगत असे. अरबी विद्वानांनी तो शब्द उच्चारानुसार ‘जिबा’ असा घेतला. अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीत नसल्यामुळे तो पुढे ‘जैब’, म्हणजे वस्त्राची घडी, असा वाचला गेला आणि बाराव्या शतकातील लॅटिन भाषांतरकारांनी त्याच अर्थाचा ‘सायनस’ हा शब्द त्याच्या जागी ठेवला. अशा भाषांतरांचे त्या काळातील सर्वांत मोठे केंद्र तोलेदो होते. 1085 साली ख्रिस्ती राजा सहावा अल्फोन्सो याने हे शहर मुस्लिम राजवटीकडून जिंकले तरी तेथील अरबी ग्रंथ आणि अरबी जाणणारी माणसे शहरातच राहिली. प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीचा खगोलशास्त्रावरील ग्रंथ लॅटिनमध्ये मिळेना, म्हणून इटलीतून आलेला क्रेमोनाचा जेरार्ड तोलेदोत राहून अरबी शिकला आणि 1187 साली मृत्यू येईपर्यंत त्याने सत्तरहून अधिक ग्रंथ भाषांतरित केले. गणिती अल्‌-ख्वारिझ्मीचे बीजगणित त्यांतलेच. त्याच्याही आधी, 1068 साली, याच शहराचा काझी साईद अल्‌-अंदलुसी याने ज्ञानाची जोपासना करणाऱ्या राष्ट्रांचा इतिहास लिहिला आणि त्यात पहिले स्थान भारताला दिले. महाराष्ट्रातून एवढ्या दूर जाणाऱ्या प्रवाशाला हे कोणीतरी सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघेच पुन्हा गेलो आणि तोलेदोत दोन रात्री राहिलो. एल ट्रान्सिटो हे सिनेगॉग चौदाव्या शतकाच्या मध्यास कास्तील या स्पेनमधील तेव्हाच्या राज्याचा राजा पेद्रो याचा खजिनदार सॅम्युएल हा-लेवी याने बांधवले. त्याच्या भिंतींवरच्या गिलाव्याच्या नक्षीकामात हिब्रू आणि अरबी अक्षरे आणि कास्तीलची राजचिन्हे एकत्र कोरलेली आहेत. तेथे आम्ही दीड तास होतो. तिथून थोड्याच अंतरावर सांतो तोमे चर्चमध्ये चित्रकार एल ग्रेकोचे काउंट ऑर्गाथच्या दफनाचे भव्य चित्र आहे. 1586 ते 1588 या काळात ज्या चर्चसाठी ते रंगवले गेले, तिथेच ते आजही आहे. सकाळी दार उघडताच गेल्यास ते शांतपणे पाहता येते. कॅथेड्रलचे काम 1226 साली सुरू झाले आणि त्याला अडीचशेहून अधिक वर्षे लागली. त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.

आता प्रत्यक्ष आखणीविषयी. माद्रिदच्या आतोचा स्थानकातून तोलेदोची जलद गाडी साधारण अर्ध्या तासात पोहोचते, मात्र तिच्यात आरक्षित आसन लागते आणि सुट्टीच्या दिवशी सोयीच्या वेळेच्या जागा लवकर संपतात. जुने शहर टेकडीवर असून ताहो नदीने ते तीन बाजूंनी वेढले आहे. रस्ते दगडी आणि चढाचे असल्याने चाकांची मोठी बॅग नेणे त्रासाचे होते. माझ्यासारख्या गुडघेदुखी असलेल्यांनी बिसाग्रा वेशीजवळून वर नेणाऱ्या सरकत्या जिन्यांचा उपयोग करावा. सोमवार टाळावा, कारण सिनेगॉगमधील संग्रहालय त्या दिवशी बंद असते; रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे कॅथेड्रल पर्यटकांना दुपारनंतरच खुले होते. सांतो तोमेसह सात ठिकाणांसाठी मनगटावर बांधायच्या पट्ट्याचे एकत्रित तिकीट मिळते, पण कॅथेड्रल त्यात येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीला टेकतो, म्हणून एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हेच महिने बरे. शाकाहारी मंडळींनी ‘मांस नको’ एवढे सांगून थांबू नये. हॅम आणि मासेही नकोत, हे वेगळे सांगावे लागते. टोमॅटो, ढोबळी मिरची आणि झुकिनीचे ‘पिस्तो’ पोटभर होते, फक्त त्यावर अंडे घालू नका असे सांगावे. बदाम आणि साखरेचे मार्झिपान आपल्या बदामाच्या वडीच्या जवळचे आहे.

संध्याकाळी पर्यटकांच्या बसगाड्या परततात आणि सोकोदोवेर चौकात स्थानिक कुटुंबे मुलाबाळांसह येऊन बसतात. आमची पहिली भेट याच घटकेच्या कितीतरी आधी संपली होती.

म्हणून विनंती अशी की, पुरवणीच्या पुढील अंकात या वेळापत्रकात दुरुस्ती छापावी. माद्रिदचे चार मुक्काम सुचवले आहेत, त्यांतला एक कमी करून तोलेदोला द्यावा. एकूण दिवस तेवढेच राहतात आणि सकाळच्या गाडीने माद्रिदला परतून पुढचा प्रवास ठरल्याप्रमाणे करता येतो.

आपला नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षक, सातारा