आपल्या ओढ्यावरचा पूल

मोस्तार, बॉस्निया
१२ ऑक्टोबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप परवा मिळाला. ओढ्यावरचा दगडी पूल पाडून तिथे सिमेंटच्या नळ्या टाकायचा विषय ग्रामसभेत येतोय, आणि पंचायतीचा सदस्य म्हणून तुला मत द्यायचंय. फोनवर बोललो असतो, पण आत्ता जिथे बसलोय तिथलं नीट लिहिल्याशिवाय माझं म्हणणं तुझ्यापर्यंत पोचणार नाही.

साराजेव्होचं काम लवकर आटोपलं म्हणून दोन दिवस इथे आलो. समोर हिरवीगार नेरेत्वा नदी आणि तिच्यावर एकाच कमानीचा पांढुरका पूल. पात्रात एकही खांब नाही. जवळजवळ एकोणतीस मीटरांची कमान, या काठावरून उठून थेट त्या काठावर टेकलेली. हैरुद्दीन नावाच्या उस्मानी स्थपतीने तो १५६६ साली पुरा केला. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी युद्धात तोफगोळ्यांनी तो नदीत पाडला. आज मी ज्यावरून चाललो तो २००४ मध्ये पुन्हा उभा केलेला.

काँक्रीटची कमान टाकून वरून दगडी फरश्या चिकटवल्या असत्या तरी फोटोत कुणाला कळलं नसतं. इथल्या लोकांनी तसं केलं नाही. जुन्या पुलाला होता त्याच जातीचा दगड आणला. तेनेलिया म्हणतात त्याला. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, छिन्नीला सहज वळतो आणि मग हवेत घट्ट होत जातो. नदीत पडलेले दगड हंगेरीच्या सैन्यातल्या पाणबुड्यांनी वर काढले होते, पण ते पुन्हा कमानीत बसवण्याजोगे राहिले नव्हते. म्हणून नवे घडवले, एकेक करून, हाताने.

संग्रहालयात त्या कामाची चित्रफीत बघताना मी जागचा हललो नाही. दोन दगड शेजारी बसवतात. दोघांच्या माथ्यावर खाच, तिच्यात लोखंडाची आकडी, आणि वरून वितळलेलं शिसं. चांदीसारखी धार खाचेत उतरते आणि बघता बघता राखाडी होऊन गोठते. शिशाने लोखंड चारी बाजूंनी झाकलं जातं, त्याला गंज धरत नाही. आणि मऊ असल्यामुळे दगड जरासा हलला तरी ते सोसून घेतं. साडेचारशे वर्षांपूर्वीची युक्ती, तशीच्या तशी.

मोठ्या पुलाच्या जवळच एका ओढ्यावर छोटा पूल आहे, 'क्रिवा चुप्रिया'. जेमतेम साडेआठ मीटरांची कमान. तो युद्धातून वाचला, पण १९९९ च्या शेवटच्या दिवशी पुराने वाहून गेला. तोही त्यांनी परत बांधला. मोठ्या पुलापेक्षा मी याच्याजवळच जास्त वेळ बसलो, कारण त्याची कमान थेट आपल्या पुलाच्या कमानींसारखी दिसते.

आता आपल्याकडचं. तू म्हणशील, महाडला सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी बसेस गेल्या, तोही जुना दगडीच होता. तुझी भीती खरी आहे. म्हणूनच मी "पूल तसाच राहू द्या" म्हणत नाहीये. आधी पाया तपासा. पाणी उतरलं की मधल्या खांबांच्या बुडाशी माती किती खरवडली गेलीय ते बघा. कमान वरून क्वचित मरते, बहुतेक वेळा पायातून मरते. तोवर ट्रॅक्टर आणि उसाच्या गाड्या बंद ठेवा.

पण आपल्या पुलाचं खरं दुखणं दहा वर्षांपूर्वीच्या 'दुरुस्ती'त आहे. कंत्राटदाराने चुन्याच्या दरजा उकरून सिमेंट भरलं, आठवतं? पुलाच्या पोटात मुरूम आणि दगडगोट्यांची भर आहे. पावसाचं पाणी तिच्यात उतरणारच, आणि पूर्वी ते चुन्यातून पाझरून निघून जायचं. सिमेंटने त्याची वाट बंद केली. आत साचलेलं पाणी जुना चुना धुऊन नेतं, भिंतीला आतून रेटतं. कठड्याखाली भिंतीला जे पोट आलंय ते त्यामुळेच, आणि कमानीखाली पांढरे ओघळ दिसतात तो आतला चुनाच बाहेर येतोय. चुना उन्हाने, थंडीने दगडासोबत थोडा हलतो. सिमेंट हलत नाही, तडकतं. तुझ्या वडिलांनी आपल्याला त्याच कमानीखाली बसवून दगडांची माथी मोजायला लावली होती. तेव्हा एक दरज नखाने उकरता येत नव्हती.

करायचं ते एवढं: सिमेंट छिन्नीने हळूहळू काढायचं, मशीन लावायचं नाही. पुलावरचा पिंपळ नुसता वरून छाटायचा नाही, मुळासकट काढायचा, त्यासाठी लागतील तेवढे दगड उतरवून, नंबर टाकून बाजूला मांडायचे. भिजवून मुरवलेला चुना, वाळू, विटांची सुरखी यांनी पुन्हा बसवायचे. कमानीला हात लावण्याआधी खालून लाकडाचा आधार, आणि चुना पुरता आवळेपर्यंत तो काढायचा नाही.

ग्रामसभेत फक्त एक महिन्याची मुदत माग. मी दिवाळीला येतोय, आराखडा आणि खर्चाचा अंदाज घेऊनच येतो. तोवर मधल्या कमानीच्या भेगेचे फोटो पाठव, शेजारी फूटपट्टी धरून. आणि खालच्या आळीतले पाथरवट काका अजून काम करतात का, विचारून ठेव. त्यांच्याशिवाय मला हे जमणार नाही.

आईंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शेजारच्या बाकावरचा