स्वतःच्याच औषधाविरुद्ध आकडे छापणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉ. हर्बर्ट क्लेबर यांस,

स. न. वि. वि.

तुम्ही अमेरिकेतले व्यसनोपचाराचे डॉक्टर. ऑक्टोबर २०१८ मध्ये गेलात आणि तुमचं नाव माझ्या कानावर पडलं ते त्यानंतर. त्यामुळे हे पत्र उघडच लिहिते आहे. ज्यांच्या घरात अफूच्या जातीच्या नशेत अडकलेला पेशंट आहे त्यांनी वाचलं, तरी तुमच्यापर्यंत पोचल्यासारखंच.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझ्या धाकट्या भावाचं पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा दुखण्यावर ऑक्सिकोडोन हे अफूच्या जातीचं औषध दिलं होतं. दुखणं गेलं, गोळ्या राहिल्या. प्रिस्क्रिप्शन बंद झाल्यावर रस्त्यावरची पूड आली. तिला हेरॉईन म्हणायचं, पण आत त्याहून कितीतरी जहाल फेंटॅनिल किती हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. गणपतीत, संक्रांतीला कोणी विचारलं की आई म्हणायची, "त्याची पाठ अजून धरते हो." मराठी मंडळात एवढ्यावर भागतं.

एका दवाखान्यात त्याला भरती केलं होतं. विथड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, सुरू झाला तशी तिथली नर्स म्हणाली, "केलंय ते भोगायलाच हवं." दुसऱ्याच दिवशी तो तिथून निघून आला.

मग कोणीतरी एका क्लिनिकचा नंबर दिला. भूल देऊन झोपवायचं, झोपेतच सगळं विष बाहेर, उठला की मोकळा! फोनवरचा माणूस इतका गोड बोलत होता की बाबा घरावर कर्ज काढायला तयार झाले. इन्शुरन्स यातलं काही देणार नव्हता. सही करण्याआधी एका सायकियाट्रिस्टना विचारून घ्यावं म्हणून आम्ही गेलो. त्यांनी उपदेश केला नाही. कॉम्प्युटरचा स्क्रीन आमच्याकडे वळवला आणि 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकातला २००५ सालचा एक लेख उघडला. लेखकांत तुमचं नाव होतं.

हेरॉईन घेणारे १०६ जण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटलेले. एका गटाला भूल, दुसऱ्याला ब्युप्रेनॉर्फिन (अफूच्याच जातीचं, पण तल्लफ आवरणारं औषध), तिसऱ्याला क्लोनिडिन (मुळात बीपीचं औषध). त्यानंतर नशेचा परिणामच रोखणारं नाल्ट्रेक्सोन सुरू करता येतं का, आणि माणूस उपचारात टिकतो का, एवढंच बघायचं होतं. नाल्ट्रेक्सोन सुरू झालं ते भुलीच्या गटात ९४ टक्के जणांना, ब्युप्रेनॉर्फिनच्या गटात ९७ आणि क्लोनिडिनच्या गटात २१. अंगावर येणारा त्रास तिन्हीकडे साधारण सारखाच. १२ आठवड्यांपर्यंत टिकलेले अनुक्रमे २०, २४ आणि ९ टक्के. म्हणजे बहुतेक सगळे गळालेच. आणि भुलीच्या गटात तिघांच्या बाबतीत प्रकरण जिवावर बेतलं होतं.

बाबा अकाउंटंट आहेत. त्यांनी तक्ता पुन्हा वरून खाली वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मग हे लोक पैसे कशाचे घेतात?" कर्जाचा विषय तिथंच संपला. माझे पहिले आभार त्या तक्त्याचे, आणि त्यात निव्वळ आकडा होऊन बसलेल्या त्या १०६ जणांचेही.

क्लोनिडिनच्या २१ टक्क्यांमागची गोष्ट मला नंतर वाचताना कळली. हे औषध विथड्रॉवलसाठी वापरात आणणाऱ्यांपैकी तुम्हीच एक. मार्क गोल्ड आणि यूजीन रेडमंड यांच्यासोबतचा तुमचा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला १९७८ चा लेख या विषयात आजही दाखला म्हणून दिला जातो. त्याच औषधाला दुसऱ्यांसोबत रिंगणात उतरवायचं आणि ते मागे पडलं हे स्वतःच्या नावानिशी छापायचं, हे किती जणांना जमतं? मी औषधांच्या कंपनीत डेटाचं काम करते, म्हणून हे मला जरा जास्तच भिडतं. नको असलेला आकडा पुरवणी तक्त्यात ढकलायच्या किती तरी तऱ्हा असतात.

आणि गंमत म्हणजे ते मागे पडलेलं औषधही आमच्या उपयोगी पडलंच. ब्युप्रेनॉर्फिन लगेच देता येत नाही. विथड्रॉवल पुरेसं चढेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर तेच औषध त्रास एकदम उसळवतं. ती वाट बघायची रात्र पार पडावी म्हणून डॉक्टरांनी क्लोनिडिन दिलं. आईनं डबी हातात घेऊन विचारलं, "अहो, ही तर बीपीची गोळी. याला कशाला?" तिला जे सांगितलं ते असं: मेंदूच्या बुंध्यात एक छोटासा भाग आहे, धोका दिसला की शरीराला जागं करणारा. अफूच्या जातीचं औषध त्याला दाबलेल्या स्प्रिंगसारखं धरून ठेवतं. औषध काढलं की तो उसळतो. घाम, धडधड, काटा, तळमळ त्यातूनच येते. क्लोनिडिन दुसऱ्या वाटेनं जाऊन त्याच भागाला शांत करतं. नशा मात्र देत नाही. आईला हे पटलं. आजार म्हणून समजावून सांगितलेली पहिली गोष्ट होती ती. तोवर तिला फक्त 'संगत वाईट' एवढंच ऐकवलं गेलं होतं.

दर गोळीआधी बीपी मोजायचं, वरचा आकडा फार उतरला असेल तर गोळी द्यायची नाही. ते काम माझ्याकडे होतं. सकाळी क्लिनिकमध्ये त्याच्या हातावर लव उभी होती, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, जांभईवर जांभई. नर्सनं एकेका लक्षणाला गुण देत कागद भरला, बेरीज केली आणि मगच ब्युप्रेनॉर्फिनची पट्टी जिभेखाली ठेवली. "गिळायचं नाही, बोलायचं नाही." तासाभरात त्याच्या पायांची चुळबुळ थांबली. त्यानं पाणी मागितलं, मग शिळा बेगल खाल्ला.

तुमच्याविषयी नंतर जमेल तितकं वाचलं. या क्षेत्रात तुम्ही हौसेनं आला नव्हता, हे वाचून बरं वाटलं. १९६४ मध्ये सरकारी आरोग्यसेवेत तुम्हाला केंटकीतल्या लेक्सिंग्टनला धाडलं. अर्धं इस्पितळ आणि अर्धा तुरुंग अशी ती जागा, १९३५ पासूनची. तिथून सुटलेले बहुतेक जण पुन्हा नशेकडेच वळत. शरीर स्वच्छ करून घरी पाठवणं म्हणजे उपचार नव्हे, हे तिथं ढळढळीत दिसत होतं. १९६८ मध्ये येल विद्यापीठात तुम्ही व्यसनोपचाराचा विभाग उभारलात तेव्हा मेथाडोनवाले (हेरॉईनऐवजी अफूच्याच जातीचं हे औषध रोज देणारे) आणि 'एक नशा सोडून दुसरी कशाला' म्हणणारे यांचं जमत नव्हतं. तुम्ही दोन्ही वाटा एकाच ठिकाणी चालवल्यात आणि कोणाला काय लागू पडतं ते मोजत बसलात.

वॉशिंग्टनचा काळ मला तितकासा रुचत नाही, खरं सांगते. १९८९ मध्ये थोरल्या बुश यांच्या सरकारात अमली पदार्थविरोधी धोरणाचे प्रमुख विल्यम बेनेट यांच्या हाताखाली गेलात, आणि त्या सगळ्या मोहिमेला 'युद्ध' म्हणत असत. तुमच्याकडे उपचार आणि प्रतिबंधाची बाजू होती. पैसा मात्र पोलीस आणि सीमेकडेच जास्त गेला. १९९१ मध्ये तुम्ही ते सोडून कोलंबिया विद्यापीठात आलात, पत्नी मॅरियन फिशमन यांच्यासोबत नवा विभाग सुरू केलात. त्या स्वतः कोकेनवर संशोधन करणाऱ्या. कोकेनच्या व्यसनावर अमेरिकेत आजही एकही मंजूर औषध नाही, यावरून तुम्ही दोघांनी किती अवघड जागी हात घातला होता ते कळतं.

भाऊ अजून ब्युप्रेनॉर्फिनवर आहे. कामावर जातो. फोनवर नातेवाईक विचारतात, "गोळी कधी सुटणार?" पूर्वी आई गप्प बसायची. आता सांगते की औषध घाईनं सोडलं आणि पुन्हा नशा केली तर सवय मोडलेल्या शरीराला जुना डोस झेपत नाही आणि माणूस त्यातच जातो. मग "तुमची शुगरची गोळी कधी सुटणार?" असं विचारून विषय बदलते.

हे पत्र त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, "माझं नाव घालू नकोस. आभार मात्र माझेही लिही." म्हणून लिहिते, त्याचेही.

आपली,
एका पेशंटची ताई