न्यूझीलंडच्या कॅम्परव्हॅनचा हिशेब शिकवणाऱ्या काकांना जाहीर आभारपत्र

कोलशेत, ठाणे (प.)

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

पत्र जाहीर लिहितोय, कारण न्यूझीलंडला कॅम्परव्हॅनने (आतच झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने) फिरायचं ठरवणारी घरं घोडबंदर रोडवर आता बरीच आहेत. बहुतेकांची सुरुवात एकाच ठिकाणी होते : दिवसाचं भाडं किती? घंटाळीतल्या तुमच्या घरी चार रविवार बसवून तुम्ही आम्हा तीन कुटुंबांना तोच प्रश्न शेवटी विचारायला शिकवलंत. त्याचे आभार मोघम मानून चालणार नाही. काय शिकवलंत ते आकड्यांसकट लिहिलं, तरच ते मानल्यासारखे होतील.

पहिल्या रविवारी तुम्ही कागदावर पाचच गोष्टी मांडल्यात : पिण्या-वापरायचं पाणी, सांडपाणी, संडासची कॅसेट (त्याच्याखालची मैल्याची टाकी), बॅटरी आणि गॅस. यातलं जे आधी संपेल किंवा भरेल, तेच मुक्काम ठरवणार, हे तुमचं वाक्य पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया झालं. तिथल्या ‘सेल्फ-कंटेन्ड’, म्हणजे पाणी-संडासाची सोय गाडीतच असल्याच्या, प्रमाणपत्रासाठी पाणी माणशी दिवसाला ४ लिटर आणि तीन दिवसांचं, म्हणजे माणशी १२ लिटर धरतात. सांडपाण्याची टाकीही त्याच मापाची. आपल्याकडे एका बादलीत १५ लिटर पाणी मावतं, त्यामुळे व्हॅनमध्ये रोज अंघोळ करायचा विचार तिथेच सुटला. कॅसेट साधारण १८ ते २० लिटरची. दोन मोठ्या माणसांना ती दोन-तीन दिवस पुरते, चौघांना दीड-दोन. म्हणून दिवसा सार्वजनिक स्वच्छतागृहं वापरायची, कॅसेट रात्रीपुरती ठेवायची आणि ती ‘डम्प स्टेशन’वरच, म्हणजे त्यासाठी नेमून दिलेल्या जागीच, रिकामी करायची.

बॅटरी मात्र तुम्ही घरच्या इन्व्हर्टरवरून समजावलीत आणि एका झटक्यात समजली. १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी असली तरी ती निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे हातात ५०. छोटा कंप्रेसर फ्रिज चालू असताना ३-४ अँपिअर ओढतो आणि दिवसातला साधारण निम्मा वेळ चालू असतो, म्हणजे ४० तिथेच गेले. उरलेल्यात दिवे, पाण्याचा पंप आणि मोबाइल. गाडी चार-पाच तास चालली तर बॅटरी बरीच भरते, पण दोन दिवस एकाच तळ्याकाठी उभी राहिली तर दुसऱ्या पहाटे फ्रिज बंद पडलेला असतो. मायक्रोवेव्ह आणि भिंतीवरचे प्लग तर बहुतेक व्हॅनमध्ये बाहेरची वीज जोडल्याशिवाय चालतच नाहीत. लोक इंडक्शन शेगडी बरोबर नेतात आणि ती तशीच परत आणतात, ती याच कारणाने.

यावरून तुम्ही मुक्कामांचा ताल बसवून दिलात : दोन रात्री साध्या, तिसरी विजेची. साध्या म्हणजे डिपार्टमेंट ऑफ कन्झर्व्हेशनची, सगळे ‘डॉक’ म्हणतात त्या खात्याची कॅम्पसाइट. संडास असतो, पाणी बहुतेक ठिकाणी असतं, वीज नसते, आणि पैसे माफक. तिसऱ्या रात्री हॉलिडे पार्क. तिथे गरम पाण्याची अंघोळ, कपडे धुणं, कॅसेट रिकामी करणं, टाकी भरणं, बॅटरी चार्ज करणं सगळं एका भाड्यात उरकतं. रोज हॉलिडे पार्क घेतलं तर स्वस्त सहलीत स्वस्त काहीच उरत नाही. रोज फुकट जागा शोधत बसलं तर तिसऱ्या दिवशी कॅसेट भरलेली, फ्रिजमधलं दूध नासलेलं आणि सगळे वैतागलेले.

फुकटच्या जागांबद्दल तुम्ही खूप सावध केलंत, आणि ते फार गरजेचं होतं. २०२३ च्या कायद्याने तिथे सेल्फ-कंटेन्ड गाडीत संडास पक्का बसवलेला हवा, पलंग अंथरलेला असतानाही तो वापरता यायला हवा. पलंगाखाली सरकवलेला सुटा संडास आता चालत नाही. जुन्या निळ्या स्टिकरच्या जागी हिरवं प्रमाणपत्र आलं. पण हिरवा कागद काचेवर लागला म्हणजे कुठेही झोपायची मुभा मिळाली, असं नाही. जागा तिथलं स्थानिक कौन्सिल ठरवतं, आणि त्या जागेवरची पाटी काय म्हणते तेच खरं. कुठे एकच रात्र, कुठे ठरावीक संख्येच्या गाड्या, कुठे मुळीच नाही, आणि दंड शेकडो डॉलरचा (डॉलर इथे सगळीकडे न्यूझीलंडचा).

त्यातून तुम्ही काढलेलं गणित आम्हाला कुठल्याही जाहिरातीत दिसलं नसतं. समजा संडास असलेली व्हॅन आणि बिनसंडासची व्हॅन यांच्या भाड्यात दिवसाला ४० डॉलरचा फरक आहे. १३ रात्रींचे झाले ५२०. फुकट झोपायला मिळणार पाच रात्री, आणि प्रत्येक रात्री ५० वाचले तर २५०. मग महागडी व्हॅन कशासाठी? डॉकच्या बहुतेक कॅम्पसाइट आणि हॉलिडे पार्क बिनसंडासच्या गाडीलाही घेतात. ज्यांच्याबरोबर वयस्क माणसं आहेत किंवा ज्यांना मध्यरात्री पावसात बाहेर पडायचं नाही, त्यांनी संडासवाली व्हॅन सोयीसाठी घ्यावी, पैसे वाचतील म्हणून घेऊ नये. हा फरक तुम्ही समोर मांडलात म्हणून आमच्यातल्या दोन घरांनी एक निवडली, तिसऱ्याने दुसरी, आणि तिघांचंही बरोबर होतं.

डिझेलची गंमत तर इथल्या कुणालाच सांगून पटत नाही. तिथे पंपावर डिझेल एरवी पेट्रोलपेक्षा स्वस्त दिसतं, कारण रस्त्याचा कर त्यात धरलेला नसतो. तो वेगळा, किलोमीटरवर भरायचा. त्याला ‘रोड यूझर चार्जेस’ म्हणतात आणि साडेतीन टनांखालच्या गाडीला दर १००० किलोमीटरला ७६ डॉलर असा दर तुम्ही लिहून दिलात. गाडी परत करताना कंपनी किलोमीटर बघून तो कापते, आणि त्यावर स्वतःचं थोडं शुल्क लावते. क्राइस्टचर्चहून टेकापो २२५ किलोमीटर, तिथून आओराकी/माउंट कुक १०५, क्वीन्सटाउन २६५, ‘ते आनाऊ’ नावाचं गाव १७०, मिलफर्डला जाऊन-येऊन २४०, परत क्वीन्सटाउन, वानाका, हास्ट, ग्लेशियरची दोन गावं, होकिटिका, आर्थर्स पास आणि पुन्हा क्राइस्टचर्च : ही फेरी साधारण १९०० ची. वाकड्या वाटा धरून तुम्ही २२०० लिहायला लावलेत. म्हणजे कराचेच १६७ डॉलर, आणि सहा मीटरच्या व्हॅनला १०० किलोमीटरला ११ लिटर धरले तर २४२ लिटर डिझेल. पंपांच्या किमती बघायला ‘गॅस्पी’ ॲप आणि मुक्काम, डम्प स्टेशन बघायला ‘कॅम्परमेट’ तुम्ही निघण्याआधीच मोबाइलवर टाकायला लावलीत. हास्टच्या बाजूला पंप विरळ आहेत. वानाकाला टाकी भरायची म्हणजे भरायचीच, आणि मिलफर्डला निघताना ते आनाऊला.

उत्तर बेट वगळायला लावलंत तेव्हा सगळे थोडे हिरमुसले होते. आता वाटतं, चौदा दिवसांत तेच शहाणपणाचं. दोन बेटांमधली वेलिंग्टन ते पिक्टन फेरीबोट साडेतीन तासांची, भाडं गाडीच्या लांबीवर, आणि त्यासाठी अर्धा-पाऊण दिवस जातो तो वेगळाच. तो पैसा आणि तो दिवस दक्षिण बेटावर जास्त कामी येतो. वळणाच्या रस्त्यावर मोबाइलचा नकाशा सांगतो त्यावर तासाला किमान दहा-पंधरा मिनिटं जास्त धरायची, हा तुमचा नियमही वेळापत्रक सांभाळून गेला.

दिवाळीची सुट्टी म्हणजे तिथला वसंत. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या गर्दीपेक्षा भाडं बरंच कमी, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून टेकापोला ल्युपिन फुलायला लागतात. पण दोन खाचखळगे तुम्हीच दाखवलेत. एक, ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी तिथे लेबर डे असतो. तो लांब वीकएंड आधी आरक्षित करा, नाहीतर कॅम्पसाइट भरलेल्या. दुसरा मिलफर्डचा रस्ता : मे ते नोव्हेंबर त्यावर चाकांच्या साखळ्या गाडीत ठेवाव्या लागू शकतात, आणि दरडी किंवा हिमलोटाच्या भीतीने तो बंदही होतो. साखळी ते आनाऊत भाड्याने मिळते. व्हॅन ते आनाऊला ठेवून बसने मिलफर्डला जाणं महाग दिसतं, पण डिझेल, साखळी आणि ड्रायव्हरचा थकवा धरला तर तसं नाही, हे तुमचं मत आम्ही पुढच्या प्रत्येकाला सांगतोय.

तिथेही गाडी डावीकडूनच चालवतात, त्यामुळे ठाणेकर निवांत होतो, आणि चूक तिथेच होते. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. एका गाडीचा पूल आला की पाटीवर आपल्या बाजूचा बाण लाल आणि छोटा असेल, तर थांबायचं. मागे रांग लागली तर बाजूला घेऊन वाट द्यायची. परवाना इंग्रजीत असला तरी आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या म्हणालात : ठाण्याच्या आरटीओत फॉर्म ४-अ, १००० रुपये, मुदत एक वर्ष. व्हिसाच्या कागदांबरोबर मराठी सातबारा किंवा जन्मदाखला असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर, आणि पर्यटक शुल्काचे १०० डॉलर वेगळे धरायचे. सात वर्षांखालच्या मुलाला तिथे कायद्याने चाइल्ड सीट लागते, आणि ती व्हॅनच्या आडव्या बाकावर बसत नाही. मूल असेल तर आरक्षणाआधी पुढे तोंड असलेल्या सीटचा फोटो कंपनीकडून मागवायचा.

विमा हा विषय तुम्ही मुद्दाम कंटाळा येईपर्यंत वाचायला लावलात. साध्या विम्यात आपल्या खिशातून जाणारी रक्कम, ‘एक्सेस’, ५००० डॉलरच्या पुढे असू शकते. डॉलर ५० रुपये धरला तरी अडीच लाख, आणि तेवढी रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. कार्ड गाडी घेणाऱ्याच्याच नावाचं हवं. फॉरेक्स कार्ड बरेचदा चालत नाही, त्यामुळे काउंटरवर दमछाक होते. शिवाय छप्पर आणि गाडीचं पोट, हे दोन्ही बरेचदा विम्याबाहेर. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रस्ताही करारात बहुधा वगळलेला. म्हणून ताबा घेताना काचेवरचे टवके, टायर, छप्पर आणि खालची बाजू यांचे तारखेसह फोटो. आर्थर्स पासला केआ पोपट वायपरचं आणि काचेचं रबर कुरतडतो, तिथे गाडी सोडून फार लांब जायचं नाही आणि त्याला खाऊ तर घालायचाच नाही.

खाण्याचं तुम्ही नाही, काकूंनी बघितलं, आणि त्यांचे आभार वेगळे. घरचं लोणचं, मध, ताजा कढीपत्ता इथेच ठेवायला लावला. पोहे, रवा, डाळ, मसाले कंपनीच्या बंद आणि लेबल असलेल्या पाकिटांत. न्यूझीलंडच्या प्रवेश-अर्जात खाद्यपदार्थांसमोर ‘हो’ लिहायचं. जाहीर केलं तर फार तर वस्तू जाते, न लिहिता सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. येऊरच्या डोंगरात वापरलेले बूट असतील तर तळव्यातली माती ब्रशने काढून, धुऊन, वाळवून न्यायचे, तेही अर्जात लिहून. भाजी, दूध, ब्रेड ‘पॅकएनसेव्ह’सारख्या मोठ्या दुकानातून शहरातच भरायचं, कारण छोट्या गावांत तेच महाग पडतं. आणि फोडणी घालायच्या आधी छताची खिडकी उघडायची, नाहीतर धुराचा अलार्म वाजून सगळी कॅम्पसाइट जागी होते. गॅसची शेगडी पेटवून गाडी ऊबदार करायची नाही, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. हे त्यांनी दोनदा सांगितलं, आम्ही इथे तिसऱ्यांदा लिहितो.

विमानातून उतरल्या दिवशी व्हॅन घ्यायची नाही, एक रात्र साध्या मोटेलात झोपायचं, हा खर्चही तुम्ही हट्टाने धरायला लावलात. न्यूझीलंडची वेळ नोव्हेंबरमध्ये आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असते. सिंगापूरमार्गे अर्धी रात्र जागून आलेल्या माणसाने अनोळखी सहा मीटरची गाडी चालवू नये, एवढं सोपं कारण.

तुमची वही आता आमच्या सोसायटीतल्या चौथ्या कुटुंबाकडे आहे. त्यांना मार्चमध्ये जायचंय, म्हणून साखळीची ओळ त्यांनी खोडली आहे आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सँडफ्लायसाठी (चावणाऱ्या बारीक माश्यांसाठी) मलम त्याच जागी लिहिलंय. वही त्यांच्याकडून परत आली की घंटाळीला आणून देतो. काकूंना नमस्कार सांगा.

आपली,
कोलशेतची तीन कुटुंबं