गावकीचा धाक आणि बहिष्काराचा कायदा

मा. संपादक,
स. न.

‘समाजाचा धाक नसेल तर माणसं ताळ्यावर राहायची नाहीत’, हे गावकी आणि जातपंचायतीच्या बाजूने हमखास बोलले जाते. समाजाने बरे-वाईट सांगावे, नाराजी दाखवावी. त्याला हरकत कोण घेणार? पण दंड ठोठावून कुटुंब वाळीत टाकण्याचा अधिकार पंचांना कोणी दिलेला नाही.

वाळीत टाकणे कसे चालते ते जवळून पाहावे. लेखी हुकूम निघत नाही. गिरणीवाला दळण परत पाठवतो. दुकानदार भरलेल्या पोत्यापाशी बसून ‘माल संपला’ म्हणतो. मयत झाले तर तिरडीला खांदा द्यायला चौघे मिळत नाहीत. या माणसांचा त्या घरावर राग असतोच असे नाही. जो त्यांच्याशी बोलेल त्यालाही दंड, असे बैठकीत ठरलेले असते. सगळी व्यवस्था शेजाऱ्याच्या भीतीवर उभी असते. शिवाय आंतरजातीय लग्नावरून वाळीत टाकले, तरी दंड भरला की तेच लग्न पंचांना चालते. मग नीती बिघडली होती कुठे?

मुंबई राज्याचा १९४९चा बहिष्कारबंदी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२मध्ये रद्द ठरवला. त्यानंतर महाराष्ट्राला नवा कायदा करायला २०१६ उजाडले आणि तो लागू झाला जुलै २०१७मध्ये. नीतिमत्तेच्या नावाखाली समाजातल्या माणसांत भेदभाव करणे हाही त्यात बहिष्काराचाच प्रकार धरला आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बैठकीत बहिष्काराच्या बाजूने मत देणाराही दोषी ठरतो. बैठक होणार असे कळले तर जिल्हाधिकारी तिला आधीच मनाई करू शकतात; या तरतुदीकडे फार दुर्लक्ष होते.

कायदा अडतो तो तक्रारीच्या कागदावर. ‘आम्हाला वाळीत टाकले’ एवढेच लिहिले तर अदखलपात्र नोंद (जिचा तपास पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय करत नाहीत) होऊन प्रकरण तिथेच थांबण्याची भीती असते. बैठकीची तारीख, जागा, हजर पंच, मागितलेली रक्कम आणि कोणत्या दिवशी कोणी काय नाकारले, हे ओळीने लिहावे. शेजाऱ्याला दंडाची धमकी दिली असेल तर ती आवर्जून लिहावी, कारण बहिष्कार ठरवून घातला हे त्यातूनच दिसते. कायद्याचे पूर्ण नाव घालावे: ‘महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, २०१६’. गुन्हा दखलपात्र आहे. पोलीस ठाण्याने नोंदवला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवावे. बैठकीचे रेकॉर्डिंग असेल तर मूळ मोबाइल जपून ठेवावा. नुसती पुढे पाठवलेली क्लिप, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चे प्रमाणपत्र नसेल तर, कोर्टात टिकणे अवघड.

सर्वांत मोठी चूक म्हणजे घाईची समजूत. पंच ‘आमचा बहिष्कार नाही’ असा जबाब देतात, तक्रार मागे घेतली जाते आणि गिरणी बंदच राहते. तंटामुक्ती समितीवर तेच पंच बसलेले असतील तर तिथे मिटवायला पाठवणे म्हणजे त्या कुटुंबाला पुन्हा पंचांच्याच दारात उभे करणे. दोषारोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला संपावा असे कायदाच म्हणतो, तर पोलिसांनी दोषारोपपत्र वेळेत द्यावे. आणि या कायद्याखालच्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंध अधिकाऱ्याचे नाव व फोन नंबर प्रत्येक ठाण्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, ही गृह विभागाकडे आमची मागणी आहे.

– बहिष्कृत कुटुंबांना तक्रारीत मदत करणारे कार्यकर्ते, अलिबाग