विन्याला, आंबोलीच्या मेटाडोरबद्दल

स्टुटगार्ट,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय विन्या,

स.न.वि.वि. वगैरे. आठ महिने पत्र नाही, तू फोन केलास की ‘नंतर करतो’, सगळं कबूल. शिव्या राखून ठेव, पुढे आणखी लागतील. तब्येत बरी, शुगर आहे तिथेच आहे, गुडघा थंडीत कुरकुरतो. झालं.

आंबोलीच्या घाटातली अण्णांची मेटाडोर आठवते ना? सायलेन्सर फुटला, मी तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून तार आवळली आणि तू ‘ठिगळ म्हणजे दुरुस्ती नव्हे’ म्हणत भर पावसात सगळ्या काचा उघड्या ठेवायला लावल्यास. सावंतवाडीपर्यंत भिजलो. मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. तर विन्या, तू बरोबर होतास. हे लिहायला मला तीन रात्री लागल्या.

गाडी तीच, फोटोतली लाल पोर्शे नऊशे अकरा, १९८१ ची एससी. हिला पाण्याचा रेडिएटर नाही, इंजिन मागे आणि ते गार करायला पंखा. मग हीटरला ऊब कुठून? एक्झॉस्टच्या तापलेल्या नळ्यांभोवती पत्र्याचं जाकीट असतं. पंख्याची हवा त्यातून फिरून तापते आणि दाराखालच्या पोकळीतून पायाशी येते. म्हणजे मध्ये फक्त नळीचा पत्रा. त्याच्या आत धूर, बाहेर आपण घेतो तो श्वास.

यात गंमत अशी की हायवेला पाय भाजतात आणि सिग्नलला गारठतात, कारण हवा इंजिनच्या फेऱ्यांवर अवलंबून. म्हणून इंजिनखान्यात विजेचा एक ब्लोअर दिलेला असतो. माझा चाळीस वर्षं चालून जळला. नव्याची किंमत ऐकली आणि आपल्यातला उद्यमनगरवाला कारागीर जागा झाला. बोटीच्या इंजिनखान्यातली पेट्रोलची वाफ बाहेर काढायला १२ व्होल्टचा ब्लोअर मिळतो, तो आणून बसवला. ज्याचा जन्म स्फोटक वाफ बाहेर काढायला झाला, त्याला मी आत फुंकायला लावलं. ऊब काय मस्त यायची लेका! अनुजासुद्धा ‘वा’ म्हणाली.

तेव्हाच उजव्या बाजूचं जाकीट खालून कुजलेलं दिसलं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, पत्रा खाऊन टाकतं. आतली नळी बघायची तर अख्खा एक्स्चेंजर, म्हणजे जाकिटासकट नळ्या, उतरवायचा, आणि तो इंजिनला धरून ठेवणारे स्टड तुटतात ही भीती. मग काय केलं असेल? पत्रा, पेस्ट, क्लिप. वर सकाळी स्टार्टला कुरकुर करते म्हणून ३ मिमीच्या ॲलन कीने मिक्श्चर थोडं रिच केलं, म्हणजे हवेत पेट्रोल जास्त.

जानेवारीत ब्लाउबॉयरनला निघालो होतो. तिथे निळ्याशार पाण्याचा एक झरा आहे, रेवाला दाखवायचा होता. घाट चढायच्या आधीच जॅम. बाहेर उणे चार, काचा बंद, ब्लोअर फुल. चाळीस मिनिटं. ऑइलचा जळका वास येत होता, पण तो ओळखीचा. सिलिंडरखालच्या रिटर्न ट्यूबच्या सीलमधून थेंब गळून एक्स्चेंजरवर पडतो. ‘वास नाही आला तर समजायचं गाडी चोरीला गेली’ हा विनोद मी इथे किती जणांना ऐकवलाय! खरा धोक्याचा जो वायू, त्याला वासच नसतो हे मला माहीत नव्हतं असं नाही.

रेवा म्हणाली, ‘बाबा, डोकं दुखतंय.’ मग पेंगली. अनुजा म्हणाली, नाश्ता नीट केला नाही म्हणून. मी ‘हो ना’ म्हणालो. पोरीने ओकारी काढली तेव्हा दार उघडलं. थंड हवेत दहा मिनिटांत बर्फ फेकत हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी कार्बन मोनॉक्साइडचं मीटर आणलं. गाडी बाहेर उभी, इंजिन आयडलला, ब्लोअर चालू, मीटर रेवाच्या सीटपाशी. मी काचेतून बघत होतो. सहाव्या मिनिटाला आकडा १८० पीपीएम, हवेच्या दहा लाख भागांत १८०.

एक्स्चेंजर उतरवला. सहाही नट सोडवताना दोन स्टड गेलेच. जाकीट कापून टॉर्च मारला तर नळीच्या वेल्डपाशी करंगळीचं नख जाईल एवढी फट, आणि तिच्यापासून मोरपिसाऱ्यासारखी पसरलेली काजळी. त्याच्या बरोबर खाली माझं ठिगळ, जसंच्या तसं, मजबूत.

डॉक्टरांना दाखवलं का विचारू नकोस. दाखवलं. पोट बिघडलंय म्हणाले, कारण गाडीचं मी त्यांना सांगितलंच नाही. अनुजाही समोर होती. तिला अजून वाटतंय, रेवाला गाडी लागली.

पुढचं काय? हीटरच काढून टाकावा तर इथल्या कायद्याने बंदिस्त गाडी पुरेशी गरम करता आली पाहिजे, आणि काचेवरचं धुकंही जायला नको का. साठच्या दशकातल्या काही गाड्यांत पुढे डिकीत पेट्रोलवर जळणारा वेगळा हीटर असायचा. म्हणजे पुन्हा धूर, पुन्हा पत्रा. उरले स्टेनलेसचे नवे एक्स्चेंजर, दोन्ही बाजूंचे. एवढ्या पैशात तुझी एक जुनी लेथ येईल. विकून टाक म्हणशील, पण विकली तर ती दुसऱ्या कुणाच्या पोरीला घेऊन जाईल, तेही जमत नाही.

अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? नव्या मशीनचा हप्ता बसतोय ना? पिंकीच्या बारावीला शुभेच्छा, वहिनींना नमस्कार.

आता कामाचं सांग. तुटलेल्या स्टडवर नट वेल्ड करून फिरवू की ड्रिल मारू? हेड ॲल्युमिनियमचं आहे, आणि एक स्टड अगदी लेव्हलला तुटलाय.

अनुजाला शनिवारी सांगणार आहे. टपाल तोवर पोचायचं नाही, म्हणून पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतोय. उत्तर लिहूनच दे. फोन करू नकोस, तू ओरडतोस आणि आमच्याकडे फोन स्पीकरवर असतो.

तुझा,
सुध्या