चिमटा हवा, उदबत्ती नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत श्रावणातल्या भटकंतीवर लेख आला होता. अंजनेरी, हरिहर, ब्रह्मगिरी, दुगारवाडी, सगळे आले. सोबत काय न्यावे याची यादीही होती: रेनकोट, शिट्टी, दोरी, ग्लुकोज, सुकामेवा. चिमटा नव्हता. अंगाला चिकटलेली गोचीड काढायला तो का हवा होता हे सांगायला हे पत्र.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. बरीचशी नोकरी पेठ-सुरगाण्याकडे झाली. गाईबैलांच्या कानामागच्या, कासेवरच्या, शेपटीखालच्या गोचिडी किती काढल्या याची मोजदाद नाही. अंगठा आणि तर्जनीच्या नखात धरायची, हिसका द्यायचा, दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने चिरडायची. हातमोजे दवाखान्याच्या कपाटात असायचे, गोठ्यात नसायचे.

या श्रावणात मुलगा आणि अकरा वर्षांचा नातू अंजनेरीला गेले. वर तळ्याच्या अलीकडे, गुरे बसतात त्याच सावलीत बसून दोघांनी डबा खाल्ला. रात्री नातू म्हणाला, "आजोबा, माझ्या पोटरीवर तीळ आलाय." सकाळी नसलेला तीळ रात्री कुठून येणार? छोट्या जाहिराती वाचायला मी भिंग ठेवतो, ते आणले. तिळाला पाय होते.

तीस वर्षांच्या सवयीने नखात धरली आणि हिसका दिला. हातात नुसते धड आले, तोंड कातडीतच राहिले. गाय अशा वेळी फार तर अंग थरथरवते. नातवाने घर डोक्यावर घेतले.

त्या आरडाओरड्याने मजल्यावरचे शेजारी जमले. तेवढ्यात सूनबाईला त्याच्या कानामागे दुसरी दिसली. मग सल्ले सुरू झाले. समोरच्या काकू पेटती उदबत्ती घेऊनच आल्या होत्या. रॉकेल आता कुणाकडे मिळत नाही, म्हणून एकाने स्कूटरमधले पेट्रोल काढायची तयारी दाखवली. कुणी नेलपॉलिश म्हणाले. एका मुलाने मोबाइलवर आलेला मेसेज वाचून दाखवला, कापसावर पातळ साबण घेऊन दाबून धरा, गोचीड आपोआप निघते. सगळ्यांचा हिशेब एकच, तिला सतावले की ती सोडते.

ती सोडत नाही, निदान लगेच तरी नाही. गोचिडीच्या तोंडाला मासे धरायच्या गळासारखे उलटे काटे असतात, आणि बऱ्याच जातींत लाळ सिमेंटसारखी घट्ट होऊन ते तोंड कातडीत बसते. चटका दिला, पेट्रोल ओतले, की ती सुटण्याऐवजी लाळ आणि पोटातला ऐवज आपल्याच जखमेत ओतण्याची भीती. रोगाचे जंतू असले तर तिथेच असतात. शिवाय मुलाच्या कानाशी पेटती उदबत्ती आणि शेजारी पेट्रोल, हा विचार त्या क्षणी कुणाला शिवला नाही, मलाही.

सूनबाईचा भुवयांचा चिमटा पुढे रुंद होता. त्याने गोचिडीचे पोट दाबले गेले असते. खालच्या मजल्यावरचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो, त्याने त्याचा सुईसारखा टोकदार चिमटा आणून दिला. स्पिरिटने पुसला. मुलाने बॅटरी धरली. पोटाला हात न लावता, कातडीला अगदी टेकून, तिच्या तोंडाशी पकडले आणि सरळ वर ओढत राहिलो. हिसका नाही, पिळणे नाही. कातडी तंबूसारखी वर उचलली गेली. किती वेळ गेला कोण जाणे, मला तरी फार वाटला. मग ती सुटली, अख्खी, पाय हलवत. जागा साबण-पाण्याने धुतली, स्पिरिट लावले, हात धुतले. गोचीड सॅनिटायझर भरलेल्या छोट्या बाटलीत टाकली आणि वर चिकटपट्टी लावून तारीख लिहिली. ताप आलाच तर डॉक्टरांना दाखवायला.

पोटरीत राहिलेले तोंड मी सुईने टोकरायला निघालो होतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "राहू द्या, कातडी आपोआप बाहेर टाकेल. टोकरून जखम वाढवू नका." आणि सांगितले की चार आठवडे लक्ष ठेवा. ताप, अंगदुखी, जोराची डोकेदुखी, अंगावर पुरळ किंवा चावल्या जागी काळी खपली, यातले काहीही दिसले तर लगेच या आणि गोचीड चावली होती हे आपणहून सांगा. हे शेवटचे महत्त्वाचे. पावसाळ्यात ताप म्हटला की डेंग्यू-मलेरियाच आठवतो, रानात गेला होतात का हे विचारले जाईलच असे नाही.

घाबरवायचे नाही. बहुतेक चाव्यांनी काही होत नाही. पण 1957 मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, माणसे तापाने फणफणली, आणि पुण्याच्या विषाणू संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्याचा माग गोचिडीपर्यंत नेला. तोच माकडताप 2016 पासून आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडे माणसांना झाला. 2011 मध्ये गुजरातेत काँगो तापाचे रुग्ण निघाले. तो ताप चाव्याने होतो, तसाच गोचीड उघड्या हातांनी चिरडल्यानेही होऊ शकतो. हे वाचले तेव्हा मी माझ्या अंगठ्याच्या नखाकडे बराच वेळ पाहत बसलो.

गोचीड उडत नाही, उडी मारत नाही. गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसते आणि जाणाऱ्याला धरते. म्हणून पाऊलवाटेच्या मधून चालावे, गुरांच्या बसण्याच्या जागी बसू नये. पँटचे पाय मोज्यात खोचावेत. नातू म्हणतो, पोस्टमन दिसतो. दिसू दे. कपडे फिके असले की चढणारी गोचीड दिसते. उघड्या अंगावर डीट, म्हणजे किडे दूर ठेवणारे रसायन, असलेला स्प्रे चालतो, लेबल वाचून. घरी आल्यावर कपडे पलंगावर टाकू नयेत, कढत पाण्यात भिजवावेत. लवकर आंघोळ करावी आणि काख, कंबर, जांघ, बेंबी, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत बोटे फिरवून पाहावे. मुलांचे आईबापांनी पाहावे. मुलांना तीळ वाटतो.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. गोठ्यात फवारायचे सायपरमेथ्रिन किंवा अमिट्राझ काही जण स्वतःच्या पायांना चोळून रानात जातात. मी डोळ्यांनी पाहिले आहे. ते औषध जनावरांसाठी आहे, तेही मोजून पाण्यात मिसळून.

आणि ज्यांना वाटते आपण डोंगरात जातच नाही, त्यांनी आपल्या सोसायटीचे पार्किंग पाहावे. कुत्र्याची तपकिरी गोचीड भिंतीवर चढते, प्लास्टरच्या भेगेत लपते आणि तिथेच हजारो अंडी घालते. नुसता कुत्रा धुऊन भागत नाही.

पुढच्या वेळी भटकंतीची यादी छापाल तेव्हा टोकदार चिमटा, स्पिरिटची छोटी बाटली आणि चिकटपट्टी एवढे वाढवावे. शाळांच्या सहली दिवाळीनंतर निघतात. शिक्षकांच्या प्रथमोपचार पेटीतही हे तिन्ही असावे. मोबाइल दुरुस्तीच्या सामानात मिळतो तो चिमटा चालतो, महागही नसतो.

नातू ठणठणीत आहे. कॅलेंडरवर रोज रात्री तो स्वतः फुली मारतो, अजून नऊ बाकी आहेत. बाटली फ्रिजवर आहे, आणि ती फेकून द्या असे सूनबाई मला दिवसातून दोनदा सांगते.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
म्हसरूळ, नाशिक